जोडीसाठी गाडी आणि साज निवडताना: आधी उताराचा विचार करा

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुमचे दोन घोडे एकेकटे गाडीला व्यवस्थित चालतात. आता त्यांना जोडीने जुंपायचं आहे. त्यातला एक दोन बोटं उंच आणि तापट, दुसरा शांत आणि जरा आळशी. ओळखीच्या माणसाकडे एक जुनी चारचाकी पडून आहे, मधल्या दांड्यासकट, आणि ती स्वस्तात मिळते आहे. ती घ्यावी का, छातीपट्टा बरा की गळ्याची कॉलर, आणि एकेरी साजाचे जे दोन संच घरी आहेत तेच जोडीला चालवून घेता येतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

तिन्हींची उत्तरं देतो, पण तुमच्या क्रमाने नाही. बहुतेक जण आधी गाडी पसंत करतात, मग तिला शोभेल असा साज घेतात आणि सगळ्यात शेवटी तो घोड्यांच्या अंगावर बसतो का ते बघतात. मी जोड्या घडवतो आणि लोकांना साज बसवूनही देतो. माझ्याकडे जे घोडे खांदे सोलून, माना अवघडून किंवा गाडीच्या आवाजाला बिचकायला लागून येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दुखण्याचं मूळ या उलट्या क्रमात असतं. घोडा बिघडलेला नसतो. वजन त्याच्या अंगावर चुकीच्या जागी येत असतं.

एकेरी गाडी आणि जोडीची गाडी यांत नेमका काय फरक पडतो, ते आधी पाहू. एकेरी गाडीत घोडा दोन दांड्यांच्या मध्ये असतो. वळताना दांडा त्याच्या अंगाला लागतो, थांबताना मांड्यांमागचा पट्टा दांड्यांना धरून ठेवतो आणि दांड्यांचं वजन पाठीवरचं खोगीर पेलतं. घोडा जणू चौकटीत असतो. जोडीत ही चौकट नसते. मध्ये एकच दांडा, त्याच्या दोन बाजूंना दोन घोडे, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला काहीही नाही. मागे ओढपट्टे, पुढे दांड्याच्या टोकापासून गळ्यापर्यंत येणारे पट्टे आणि तुमच्या हातातले लगाम, एवढ्यावरच सगळं चालतं. गाडी ओढली जाते मागच्या पट्ट्यांनी, पण वळते आणि थांबते ती पुढच्या पट्ट्यांमुळे. म्हणून जोडीचं सामान निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो ओढण्याचा नसतो. उतारावर गाडी घोड्यांच्या अंगावर यायला लागली की ते वजन कुठे जाणार, हा माझा पहिला प्रश्न.

इथे एक साधा हिशोब करू. गाडी ३५० किलोची आणि वर माणसं-सामान मिळून २५० किलो, म्हणजे एकूण ६०० किलो धरा. दर १० मीटरला १ मीटर चढणारा रस्ता असेल, तर नुसत्या चढासाठी ६० किलोच्या आसपास ओढ लागते. चाकांचं घर्षण वेगळं. घोड्याने दिवसभर न थकता लावावी अशी ओढ त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढी धरतात. ४५० किलोचे दोन घोडे असतील तर दोघांचे मिळून ९० किलो. म्हणजे चढ जमतो, पण दोघांनीही आपापला वाटा उचलला तरच. एकाने अंग चोरलं की दुसऱ्यावर त्याच्या हिश्शापेक्षा बराच जास्त भार येतो.

आता तोच रस्ता उलट दिशेने. तेच ६० किलो आता गाडीला पुढे ढकलत असतात. ब्रेक नसेल तर ही ढकल दांड्यातून टोकाकडे जाते, टोकाच्या पट्ट्यांतून कॉलरकडे येते आणि कॉलर मानेवर वर-पुढे ओढली जाते. प्रत्येक घोड्याच्या मानेवर साधारण तीस किलो, तेही पाय रोवून खाली उतरत असताना. सपाट रस्त्यावर हे कधी जाणवत नाही, त्यामुळे सपाटीवर सामान पसंत करणारा माणूस फसतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्या रस्त्यांवर अवलंबून आहे. रोजचा रस्ता सपाट आणि कडक असेल, गाडी हलकी असेल आणि तिला नीट चालणारा ब्रेक असेल, तर मांड्यांमागच्या पट्ट्याशिवाय, म्हणजे ब्रीचिंगशिवाय, जोडी आरामात चालते. रस्त्यात खरे चढउतार असतील तर चारही चाकांना किंवा निदान मागच्या दोन चाकांना पायाने दाबायचा ब्रेक हवाच, आणि मी सोबत ब्रीचिंगही घालतो. ब्रेकची तार तुटू शकते, तेल गळू शकतं. तेव्हा वजन मानेऐवजी पुठ्ठ्यांवर घेण्याची सोय असली तर घोडा घाबरत नाही. ब्रीचिंग असो वा नसो, कॉलरच्या खालच्या टोकापासून पुढच्या पायांमधून तंगापर्यंत, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्यापर्यंत, जाणारा पट्टा मात्र कधीच वगळू नका. गाडी ढकलायला लागली की कॉलरला मानेवर चढू न देणारा तोच आहे. दुकानात साजाचा संच मांडलेला असतो तेव्हा हा पट्टा फालतू वाटतो आणि ‘हा नको, पैसे कमी करा’ असं म्हणणारे मी पाहिलेत.

दोन चाकांची गाडी पहिल्या जोडीसाठी घेऊ नका. दोन चाकांच्या गाडीत पुढच्या भागाचं वजन कुणीतरी पेलावं लागतं. त्यासाठी दोन्ही घोड्यांच्या पाठींवरून आडवी धातूची दांडी किंवा छातीसमोर आडवं जू लागतं. बसणारा माणूस पुढे सरकला, चढ लागला, उतार लागला की ते वजन बदलत राहतं. अनुभवी हातात अशी गाडी सुंदर चालते. पण घोडे आणि तुम्ही एकमेकांची सवय करून घेत असताना ही आणखी एक गोष्ट सांभाळायला नको. चारचाकी आपलं वजन आपणच पेलते.

आता कॉलर. छातीपट्टा की गळ्याची भरीव कॉलर, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत गाडीच्या वजनावर आणि ओढ कुठल्या कोनातून येते त्यावर ठरतं. गळ्याची कॉलर खांद्यांच्या मोठ्या भागावर भार पसरवते, त्यामुळे जड गाडीला, वाळूला, लांब चढांना तीच हवी. पण ती घोड्याच्या मापाचीच लागते. घोड्याचं अंग भरलं किंवा उतरलं की तीच कॉलर घट्ट किंवा सैल होते. नीट बसलेल्या कॉलरमध्ये बाजूंना सपाट बोटं जेमतेम सरकतात आणि खाली, श्वासनळीपाशी, आडवा पंजा मावतो. खाली पंजा मावत नसेल तर चढावर घोड्याचा श्वास कोंडतो आणि तो थांबतो. लोक म्हणतात घोडा अडेल आहे. उलट कॉलर सैल असेल तर ती पावलागणिक डुलते आणि खांदा सोलते. तुमचे दोन घोडे वेगवेगळ्या मापांचे आहेत, म्हणजे दोन वेगळ्या कॉलरी लागतील, आणि त्या अदलाबदल करून चालणार नाहीत.

छातीपट्टा जास्त घोड्यांना बसतो, पुढेमागे करता येतो आणि हलक्या गाडीला पुरतो. त्याची जागा मात्र नेमकी हवी. श्वासनळीच्या खाली आणि खांद्याच्या सांध्याच्या वर, या दोन्हींच्या मधल्या पट्टीतच तो आडवा बसायला हवा. वर सरकला तर गळा दाबतो, खाली आला तर पाऊल आखूड होतं. शिवाय गाडीकडची ओढपट्ट्याची बाजू छातीपेक्षा खूप खाली असेल तर ओढताना पट्टा सतत तिरका खेचला जातो. अशा गाडीला छातीपट्टा घालू नका, कितीही मऊ असला तरी. जोडीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दांड्याच्या टोकाची जी काही ओढ असते, ती छातीपट्ट्यावरून मानेवरच्या पट्ट्यावर जाते. म्हणून मानेवरचा पट्टा रुंद आणि आतून गादी असलेला हवा. स्वस्त संचांत हाच पट्टा बोटभर रुंदीचा असतो.

तुमच्यासाठी माझी शिफारस अशी: गाडी हलकी आणि रस्ते बरे असतील तर चांगल्या प्रतीच्या छातीपट्ट्यांनी सुरुवात करा. जोडी जमली, कामाचं स्वरूप स्पष्ट झालं, घोड्यांचं अंग स्थिर झालं, की मग मापाच्या कॉलरी करून घ्या.

छातीपट्टा घ्यायचा ठरला की गाडीवर एक अट येते. प्रत्येक घोड्याचे दोन ओढपट्टे गाडीच्या पक्क्या आडव्या दांड्याला थेट अडकवता येणार नाहीत. त्या दोघांसाठी मध्ये खिळीवर फिरणारी छोटी आडवी दांडी हवी, प्रत्येक घोड्याला एक. चालताना घोड्याचा एक खांदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे असतो. दांडी फिरती असेल तर ती प्रत्येक पावलाबरोबर थोडी पुढेमागे होते आणि पट्टा छातीवर स्थिर राहतो. ओढपट्टे पक्के बांधले तर तोच पट्टा करवतीसारखा छातीवर घासत राहतो. भरीव कॉलरच्या आत खांदा हलू शकतो, म्हणून तिथे पक्की अडकवणी चालून जाते.

या दोन छोट्या दांड्या ज्यावर बसतात तो मोठा आडवा दांडा पक्का असावा की तोही मध्यावर फिरणारा, हा प्रश्न तुमच्या जोडीसाठी फार महत्त्वाचा आहे. मोठा दांडा फिरता असेल तर ओढ दोघांत सारखी वाटली जाते. शेतीकामाला, संथ आणि जड ओढीला तो उत्तम. पण तुमचा तापट घोडा झेप घेईल तेव्हा फिरता दांडा आळशी घोड्याला मागे खेचेल. शांत घोड्याला असे हिसके बसत राहिले की तो पुढे यायचंच सोडून देतो. पक्का दांडा असेल तर तापट घोडा काही वेळ जास्त ओढतो, पण दुसऱ्याला हिसका बसत नाही आणि तुम्ही लगामाने दोघांना सारखं करू शकता. दुडकीने चालवायच्या गाडीसाठी मी पक्का मोठा दांडा आणि त्यावर दोन फिरत्या छोट्या दांड्या, हीच रचना घेतो.

मधल्या दांड्याबद्दल दोन गोष्टी बघा. लांबी एवढी हवी की घोडे उभे असताना टोक त्यांच्या छातींच्या पुढे असेल, म्हणजे टोकाकडून येणारे पट्टे मागे छातीकडे येतील. टोक छातीच्या मागे राहिलं तर ते पट्टे गाडीला रोखूच शकत नाहीत. दुसरी गोष्ट, घोडे नसताना दांडा कुठे राहतो? स्प्रिंगवर किंवा पक्क्या आधारावर उभा राहत असेल तर चांगलं. जुन्या काही गाड्यांत तो सैल लोंबतो आणि त्याचं वजन घोड्यांच्या मानांवर टाकलेलं असतं. त्यात रोजचा त्रास तर आहेच, पण पुढचा पट्टा तुटला तर दांड्याचं टोक जमिनीत रुतू शकतं आणि मागून गाडी येतच असते. असा दांडा असेल तर आधार बसवून घेतल्याशिवाय घोडे जुंपू नका.

ओढपट्टे आणि पुढचे पट्टे यांची लांबी एकत्रच ठरवायची असते. मी अशी तपासणी करतो: घोडे जुंपून ओढपट्टे ताठ होतील इतके पुढे घेतो. मग दोघं जण गाडी मागून हळूच पुढे ढकलतात. पुढचे पट्टे ताठ होऊन गाडी थांबली त्या क्षणी मी घोड्यांच्या मागच्या पायांकडे बघतो. आडवी दांडी आणि पाय यांत भरपूर मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण दुडकीत पाय उभ्या स्थितीपेक्षा बराच मागे येतो. जागा कमी असेल तर ओढपट्टे वाढवा आणि त्याबरोबर पुढचे पट्टे आवळा. पण पुढचे पट्टे इतकेही आवळू नका की चालताना कॉलर कायम पुढे ओढलेली राहील. ओढपट्टे ताठ असताना पुढच्या पट्ट्यांत किंचित सैलपणा दिसला पाहिजे. आणि दोन्ही घोड्यांचे ओढपट्टे सारख्याच भोकांत. तापट घोडा पुढे जातो म्हणून त्याचे ओढपट्टे आखूड करणं, हा सर्रास केला जाणारा उपाय मला मुळीच मान्य नाही. घोड्यांतला फरक लगामात मिटवायचा, ओढपट्ट्यांत नाही.

आता लगाम. जोडीच्या सामानात माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे आणि लक्ष इथे द्यावं, आणि लोक सगळ्यात कमी इथेच देतात. तुमच्या प्रत्येक हातात एक लगाम असतो, पण पुढे त्याच्या दोन शाखा होतात. डाव्या लगामाची मुख्य शाखा डाव्या घोड्याच्या डाव्या गालाकडे जाते आणि आतली शाखा पलीकडे उजव्या घोड्याच्या डाव्या गालाकडे. उजव्या लगामाचं तसंच, उलट बाजूने. आतली शाखा मुख्य शाखेवर एका बकलने बसते आणि तिच्यासाठी भोकांची रांग असते.

यातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली मांडणी जर्मनीच्या बेनो फॉन आखेनबाख (१८६१–१९३६) यांच्या नावाने ओळखली जाते. ते पॅरिसमध्ये एडविन हाऊलेट यांच्याकडे शिकले होते. त्या लगामांत ११ भोकं असतात, एकमेकांपासून ४ सेंटीमीटरवर, आणि बकल मधल्या भोकात असताना आतली शाखा मुख्य शाखेपेक्षा १२ सेंटीमीटर लांब असते. आतली शाखा तिरकी जाते, तिला पलीकडच्या घोड्यापर्यंत पोचायचं असतं, म्हणून ती लांब. दोन्ही शाखा सारख्या लांबीच्या केल्या तर दोन्ही घोड्यांची डोकी आत, एकमेकांकडे वळतात. आतल्या शाखा फार लांब केल्या तर डोकी बाहेर वळतात. तुम्ही विकत घेत असलेले लगाम याच मापाचे असायला हवेत असं नाही, पण भोकं नेमक्या सारख्या अंतरावर आणि दोन्ही बाजूंना जुळणारी आहेत का, ते टेपने मोजून घ्या.

तुमच्या जोडीचं उदाहरण घेऊ. समजा तापट घोडा उजवीकडे आहे आणि पाऊलभर पुढे राहतो. डाव्या लगामाची आतली शाखा त्याच्याकडे जाते. तिचं बकल एक भोक हाताकडे सरकवा, म्हणजे ती ४ सेंटीमीटर आखूड झाली. उजव्या लगामाची आतली शाखा शांत घोड्याकडे जाते. तिचं बकल एक भोक तोंडाकडे सरकवा, ती तेवढीच लांब झाली. आता लगाम हातात घ्या. शांत घोड्याची आतली बाजू सैल झाल्यामुळे तुम्ही उजवा लगाम आपोआप ४ सेंटीमीटर आखूड धराल. त्याबरोबर तापट घोड्याची बाहेरची बाजूही तेवढीच आखूड होईल. म्हणजे त्याच्या दोन्ही गालांवरचा लगाम सारखाच आखूड झाला, तोंड वाकडं न होता, आणि शांत घोड्याचा जसा होता तसाच राहिला. म्हणून बदल करताना एका बाजूला आखूड केलं की दुसऱ्या बाजूला तेवढंच लांब करायचं. एकाच बाजूचं बकल सरकवून सोडलं तर घोडा तिरका चालायला लागतो आणि मग दांड्यावर रेलतो.

एका वेळी एकच भोक बदला, काही अंतर चालवा आणि घोड्यांच्या नाकांकडे नाही तर ओढपट्ट्यांकडे बघा. दोघांचे ओढपट्टे सारखे ताठ दिसले की जोडी जुळली. नाकं एका रेषेत असणं दिसायला छान, पण लांब मानेचा घोडा नाक पुढे ठेवणारच.

बिटबद्दल, म्हणजे घोड्याच्या तोंडातल्या लगामाच्या कडीबद्दल, थोडक्यात. दोघांना एकाच प्रकारचं बिट घ्या, पण असं की ज्यात लगाम अडकवायच्या दोन-तीन जागा असतात. लिव्हरपूल बिटमध्ये तशी सोय असते. सौम्य तोंडाच्या घोड्याला वरची जागा, जोर करणाऱ्याला खालची. बिटच्या दोन्ही बाजूंचे दांडे खालच्या टोकाला आडव्या पट्टीने जोडलेले असतील तर जोडीला ते जास्त सुरक्षित. सुट्या टोकात शेजारच्या घोड्याचा लगाम किंवा दांड्याचं टोक अडकू शकतं. झापडं असलेली सरं, म्हणजे डोक्यावरचे साज, घ्या. एकाला चाबकाचा स्पर्श करताना दुसऱ्याने ते बघून पुढे उसळू नये, हा तुमच्या तापट घोड्याच्या बाबतीत मोठा फायदा आहे.

आता तुमचे एकेरी साजाचे दोन संच. त्यांतली सरं आणि दुमच्या (शेपटीखालचे पट्टे) वापरता येतील, आणि कॉलरी मापाच्या असतील तर त्याही. खोगीर चालणार नाही. ते दांड्यांचं वजन पेलण्यासाठी केलेलं असतं, म्हणून जड असतं. जोडीत पाठीवर फक्त ओढपट्टे आणि लगाम जागेवर ठेवायला हलकी गादी लागते. एकेरी लगाम दोरीने जोडून जोडीचे करण्याचा विचारही मनात आणू नका. एकेरी ब्रीचिंग गाडीच्या दांड्यांना बांधायचं असतं, तेही जसंच्या तसं उपयोगाचं नाही. ओढपट्ट्यांची लांबी आणि टोकं गाडीशी जुळतात का ते बघा. बहुधा जुळणार नाहीत.

चामडं की कृत्रिम पट्टा, हे तुमच्या वेळेवर आहे. चामडं चोपडलं, पुसलं, वाळवलं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि अंगावर मऊ पडतं. बायोथेनसारखा लेपाचा पट्टा पावसात आणि चिखलात धुवून टाकता येतो. साध्या नायलॉनचा पट्टा मात्र मी अंगाशी वापरत नाही, त्याच्या कडा कापतात. जुनं चामडं घ्यायचं असेल तर बकलच्या भोकापाशी ते उलटं वाकवून बघा. तडा दिसला किंवा बोटाला लालसर भुकटी लागली तर ते परत ठेवा. ओढपट्ट्यांच्या टोकांना ताणाखालीही झटकन सुटणारी कडी मिळाली तर जास्त पैसे देऊन घ्या. घोडा पडला आणि ओढपट्टा ताणलेला असला तर साधं बकल हाताने सुटत नाही. गाडीत एक धारदार सुरी आणि एक जादा ओढपट्टा कायम ठेवा.

राहिली ती जुनी चारचाकी. गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि गाद्या शेवटी बघा. आधी मधला दांडा बाहेर काढायला सांगा. तो ज्या खोबणीत जातो तिथला भाग आणि खिळीचं भोक, ही त्याची कच्ची जागा. तिथे ओल साचते, लाकूड आतून कुजतं आणि वरून रंगाने झाकलेलं असतं. अणकुचीदार चाकूचं टोक दाबून बघा. चांगल्या लाकडात ते जेमतेम जातं. भोक लांबट झालं असेल तर दांडा बराच काळ हिसके खात होता, असं समजा. खिळ आपोआप वर येऊ शकणार नाही अशी कडी किंवा पिन तिला हवी. चालत्या गाडीतून दांडा सुटला तर वळवायला आणि थांबवायला काहीच उरत नाही.

मग एकेक चाक जॅकने उचला. चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा, आस आणि तुंबा (चाकाचा मधला गड्डा) यांत खडखड ऐकू येते का. लाकडी चाक असेल तर एकेका आऱ्याला दोन्ही हातांनी पिळ द्या. आरा तुंब्यात किंवा पाट्यात (चाकाच्या बाहेरच्या कड्यात) किंचितही हलला, किंवा सांध्यापाशी रंगाला बारीक वर्तुळाकार तडा असला, तर चाक सुकून सैल झालंय. पाणी मारून ते दोन दिवस घट्ट होतं आणि विकणाऱ्याला तेवढं पुरतं. चाकं बांधून घ्यायचा खर्च किमतीत धरा. पुढची चाकं पूर्ण वळवा आणि ती गाडीच्या सांगाड्याला कुठे लागतात ते बघा. आखूड वळणात चाक सांगाड्याला अडकलं तर गाडी कलते, आणि तापट घोड्याबरोबर आखूड वळण कधीतरी घ्यावंच लागतं. शेवटी ब्रेक: गाडीत दोन माणसं बसवून उतारावर हाताने सोडून बघा. तिथे ब्रेकने गाडी धरून ठेवता आली नाही तर तो दुरुस्त होईपर्यंत सौदा नको.

पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर गाडीचं वजन आणि चाकांमधली रुंदीही मोजा. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत घोड्यांच्या जोडीच्या मॅरेथॉन गाडीसाठी (स्पर्धेतल्या लांब, अडथळ्यांच्या टप्प्याची गाडी) किमान ३५० किलो वजन आणि १२५ सेंटीमीटर रुंदी सांगितलेली आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून खरेदीच्या वेळची आवृत्ती बघा.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: आधी लगाम आणि मापाचे छातीपट्टे, मग ओढपट्टे आणि पुढचे पट्टे, हे सगळं नवं किंवा नव्यासारखं. गाडी साधी चालेल, जुनी चालेल, पण दांडा, चाकं आणि ब्रेक या तिन्हींत पक्की. दिवे, पितळ, गाद्या नंतर केव्हाही येतील.

सामान आलं की पहिल्या काही फेऱ्या मोकळ्या गाडीने, सपाट जागेवर आणि एक जाणता मदतनीस घोड्यांच्या डोक्याशी ठेवून करा. जुंपताना आधी लगाम जोडा, मग पुढचे पट्टे, शेवटी ओढपट्टे. सोडताना आधी ओढपट्टे, मग पुढचे पट्टे. गाडीला जुंपलेल्या घोड्याचं सरं कधीही, एका क्षणासाठीही, उतरवू नका. परत आल्यावर साज काढलात की घाम पुसायच्या आत खांदे आणि छाती बघा. पट्ट्याखाली सगळीकडे सारखा घाम असेल तर भार सारखा पसरतोय. ओल्या अंगावर मध्येच रुपयाएवढी कोरडी जागा दिसली तर तिथे दाब जास्त आहे. केस उलटे फिरलेले दिसले तर पट्टा सरकतोय. दोन्ही घोड्यांच्या चारही खांद्यांचे असे फोटो काढून ठेवा, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर तीच जागा तशीच कोरडी राहिली तर त्या फोटोंसह ओढपट्ट्यांची आणि छातीपट्ट्याच्या उंचीची मापं मला कळवा. कुठलं बकल कुठे न्यायचं ते त्यावरून सांगता येईल.